वाढत्या खर्चात स्कूबा डायव्हिंग चालू ठेवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौकेचे इंधन, विम्याचे हप्ते, उपकरणांची दुरुस्ती आणि प्रवास या सगळ्याच गोष्टी महागल्या, की स्कूबा डायव्हिंगसारखा छंद चालू ठेवावा की थांबवावा, असा विचार अनेकांच्या मनात येतो. पुढील उत्तरे मूलभूत प्रमाणपत्र मिळवलेल्या आणि हौस म्हणून ४० मीटरच्या आत बुडी घेणाऱ्या डायव्हरांसाठी आहेत. तांत्रिक डायव्हिंगमध्ये, म्हणजे हौशी मर्यादेपलीकडच्या खोल बुड्यांमध्ये, हेलियमच्या किमतीपासून सगळेच गणित बदलत असल्यामुळे ते येथे विचारात घेतलेले नाही.

खर्च कमी करायचा झाल्यास सुरुवात कुठून करावी?

प्रवासाच्या अंतरापासून. वर्षभराच्या हिशेबात हवा भरण्याचा किंवा उपकरणांच्या देखभालीचा वाटा सहसा लहान निघतो; मोठा भाग विमानाचे तिकीट, निवास आणि नौकेचे भाडे यांतच जातो. तरीही हात आखडता घेण्याची वेळ आली, की बहुतेक जण नेमके उलटे करतात. जवळच्या साध्या पाण्यातल्या बुड्या ते बंद करतात आणि वर्षाकाठची एक दूरची, महागडी सहल मात्र राखून ठेवतात. परिणामी वर्षाचा बहुतांश काळ पाण्याबाहेर काढलेला माणूस एकदम अनोळखी प्रवाहात, भाड्याच्या साहित्यासह उतरतो आणि सहलीचे पहिले एक-दोन दिवस बॉयन्सी (पाण्यात तरंगण्याचा तोल) सावरण्यातच खर्ची घालतो. आमच्या मते हा क्रम उलटा करावा. जवळच्या बुड्या नियमित ठेवाव्यात आणि दूरची सहल दोन-तीन वर्षांतून एकदाच करावी. नियमितपणे बुडी घेणाऱ्याला हवा कमी लागते, त्याच्या हातून साहित्य कमी बिघडते आणि रिफ्रेशर कोर्सचे पैसेही वाचतात. म्हणजे सराव ही या छंदातली सर्वांत स्वस्त गोष्ट ठरते.

आपला खरा खर्च किती आहे, हे कसे मोजावे?

वर्षभरात डायव्हिंगवर झालेला एकूण खर्च पाण्याखाली घालवलेल्या एकूण तासांनी भागावा. बुड्यांच्या संख्येने भागल्यास चित्र फसवे दिसते, कारण पंचवीस मिनिटांची खोल बुडी आणि तासाभराची उथळ बुडी या दोन्ही त्या हिशेबात सारख्याच मोजल्या जातात. लॉगबुक (बुड्यांची नोंदवही) नीट भरले असेल, तर हे गणित अर्ध्या तासात होते.

हिशेब मांडताना स्थिर आणि बदलता खर्च वेगळा लिहावा. विमा, रेग्युलेटरची (सिलिंडरमधील हवा श्वास घेण्याजोग्या दाबाने देणाऱ्या उपकरणाची) सर्व्हिसिंग, सिलिंडरची चाचणी आणि क्लबची वर्गणी हा खर्च एकही बुडी घेतली नाही तरी होतोच, तर हवा, नौका आणि प्रवास यांचा खर्च बुडीगणिक वाढतो. स्थिर खर्च जास्त आणि बुड्या कमी असतील, तर बुड्या आणखी कमी केल्याने दर तासाचा खर्च वाढतच जातो. अशा वेळी एक तर बुड्या वाढवाव्यात, नाही तर स्वतःचे साहित्य विकून भाड्याच्या साहित्याकडे वळावे.

स्वतःची उपकरणे घ्यावीत की भाड्याची वापरावीत?

सगळी घ्यावीत किंवा सगळी भाड्याने वापरावीत, असे काहीही नाही. मास्क सर्वांत आधी घ्यावा, कारण तो चेहऱ्यानुसार बसावा लागतो आणि गळणारा मास्क संपूर्ण बुडीची मजा घालवतो. त्यानंतर फिन्स आणि बूट, मग आपल्या मापाचा वेटसूट. भाड्याचा सैल वेटसूट आतून पाणी खेळवत राहतो, थंडी वाजते, श्वास जलद होतो आणि हवा लवकर संपते.

चौथा क्रमांक खोली आणि वेळ मोजून पाण्याखाली थांबण्याची मर्यादा दाखवणाऱ्या डायव्ह कॉम्प्युटरचा, आणि येथे आम्ही थोडा आग्रह धरतो. प्रत्येक डायव्हरकडे स्वतःचा कॉम्प्युटर असलाच पाहिजे. जोडीदाराच्या कॉम्प्युटरवर विसंबून बुडी घेणे धोक्याचे आहे, कारण तो त्याच्याच खोलीचा आणि त्याच्याच आधीच्या बुड्यांचा हिशेब ठेवत असतो. साध्या हौशी बुड्यांसाठी सर्वांत साधे मॉडेल पुरते. रंगीत पडदा आणि सिलिंडरमधील दाब वायरलेस दाखवण्याची सोय सुखाची असली तरी आवश्यक नाही. घेताना बॅटरी घरच्या घरी बदलता येते का, हे मात्र पाहावे. दर वेळी बॅटरीसाठी उपकरण सर्व्हिस सेंटरला पाठवावे लागले, तर स्वस्तात घेतलेला कॉम्प्युटर पुढे महाग पडतो.

रेग्युलेटर स्वतःचा घ्यावा की नाही, हे बुड्यांच्या संख्येवर ठरवावे. सर्व्हिसिंगचा वार्षिक सरासरी खर्च त्याच काळातील भाड्यापेक्षा जास्त होत असेल, तर विश्वासू केंद्रातून भाड्याने घेणे शहाणपणाचे. बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगणे सांभाळणारे जॅकेट, शेवटी घ्यावे. सिलिंडर आणि वजने बहुतेकांनी विकत घेऊच नयेत. नियमितपणे किनाऱ्यावरून बुडी घेणारे आणि हवा भरण्याचे केंद्र जवळ असणारे याला अपवाद आहेत.

वापरलेली उपकरणे विकत घेणे सुरक्षित आहे का?

बऱ्याच बाबतींत आहे. उत्साहाने सगळे साहित्य घेऊन मोजक्या बुड्यांनंतर छंद सोडून देणारे लोक सर्वत्र आढळतात, आणि त्यांचे जवळजवळ नवे साहित्य बऱ्याच कमी किमतीत मिळते. फिन्स, बूट, वजनपट्टा, टॉर्च अशा वस्तूंमध्ये डोळ्यांना दिसते तेच बहुधा खरे असते. वेटसूटच्या बाबतीत त्याचे निओप्रीन (फेसासारखे रबर) दाबून पाहावे. वारंवारच्या दाबाने त्यातले वायूचे सूक्ष्म बुडबुडे मोडलेले असतील, तर तो पातळ आणि कडक लागतो आणि त्याची ऊब गेलेली असते. बीसीडी तोंडाने पूर्ण फुगवून तासभर ठेवावे आणि ते सैल पडते का, हे पाहावे. आतल्या पिशवीत मिठाचे खडे वाजत असतील, तर आधीच्या मालकाने ते आतून कधी धुतलेच नव्हते, असे समजावे.

रेग्युलेटर घेताना सर्व्हिसिंगचा खर्च आधीच किमतीत मिळवावा, कारण विक्रेत्याने काहीही सांगितले तरी पहिल्या बुडीपूर्वी तो तज्ज्ञाकडून उघडून तपासून घेणे अपरिहार्य आहे. त्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का आणि त्या अनुक्रमांकाची उपकरणे उत्पादकाने कधी परत मागवली होती का, या दोन गोष्टी पैसे देण्यापूर्वीच विचाराव्यात. रेग्युलेटरची जोडणी योक (शिकंजासारखी आवळण्याच्या) पद्धतीची आहे की डिन (आट्यांनी बसवण्याच्या) पद्धतीची, हेही पाहावे. आपण जेथे बुडी घेता तेथील सिलिंडरांना ती जुळत नसेल, तर अडॅप्टरचा खर्च वाढतो.

सर्वाधिक सावधगिरी सिलिंडरबाबत हवी. १९७० आणि १९८०च्या दशकांत बनलेल्या अनेक ॲल्युमिनियम सिलिंडरांसाठी ६३५१ क्रमांकाचा मिश्रधातू वापरला गेला होता. सततच्या दाबाखाली अशा सिलिंडरांच्या मानेत तडे जाऊ शकतात, हे पुढे लक्षात आले. पुढे उत्पादक ६०६१ या मिश्रधातूकडे वळले. जुने सिलिंडर चाचणीत उत्तीर्ण झालेले असले तरी अनेक केंद्रे त्यांत हवा भरण्यास सरळ नकार देतात. त्यामुळे सिलिंडर कितीही स्वस्त मिळत असला तरी त्याच्या खांद्यावर कोरलेली निर्मितीची तारीख आणि शेवटच्या हायड्रोस्टॅटिक (पाण्याच्या दाबाने करायच्या) चाचणीची तारीख वाचल्याशिवाय व्यवहार करू नये. ही चाचणी अनेक देशांत दर ५ वर्षांनी, तर काही ठिकाणी त्याहूनही लवकर करावी लागते, आणि तिचा खर्च नव्या मालकावर येतो.

रेग्युलेटरची सर्व्हिसिंग दरवर्षी करावी लागते का? ती घरी करता येईल का?

उत्पादकाची पुस्तिका उघडून पाहावी. पूर्वी सरसकट वर्षाला एकदा असा प्रघात होता. आता अनेक उत्पादक दरवर्षी फक्त तपासणी आणि दर २ वर्षांनी किंवा १०० बुड्यांनंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, पूर्ण ओव्हरहॉल सुचवतात. हे माहीत नसल्यामुळे दरवर्षी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे भरणारे डायव्हर आम्हाला नेहमी भेटतात. सुटे भाग आजन्म मोफत देण्याच्या योजनांमध्येही कागदपत्रे नीट वाचावीत. ठरलेल्या मुदतीत सर्व्हिसिंग केले नाही तर हा हक्क रद्द होतो, आणि मजुरी प्रत्येक वेळी द्यावी लागतेच.

घरी सर्व्हिसिंग करण्याचा सल्ला आम्ही देत नाही. त्यासाठी विशिष्ट हत्यारे, योग्य सुटे भाग आणि प्रशिक्षण लागते, आणि चुकीची किंमत पाण्याखाली मोजावी लागते. मात्र देखरेख घरी ठेवता येते. फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरला जोडलेला भाग, सिलिंडरमधील सुमारे २०० बारचा दाब साधारणपणे सभोवतालच्या दाबापेक्षा ९ ते १० बार जास्त इतका खाली आणते. हा मधला दाब मोजणारा छोटा गेज बीसीडीच्या होजला (नळीला) जोडून ठेवल्यास काटा स्थिर राहतो की हळूहळू वर सरकतो, हे कळते. काटा वर सरकत असेल, तर आतली सीट (हवा अडवणारा भाग) झिजली आहे आणि सर्व्हिसिंगची वेळ झाली आहे, असे समजावे.

उपकरणे जास्त काळ टिकावीत म्हणून काय करावे?

प्रत्येक बुडीनंतर गोड्या पाण्यात भिजवून धुवावे आणि सावलीत वाळवावे. उन्हाने निओप्रीन आणि रबर दोन्ही लवकर कडक होतात. रेग्युलेटर धुण्यापूर्वी फर्स्ट स्टेजचे टोपण कोरडे करून घट्ट लावावे आणि धुताना तोंडाकडच्या भागावरचे पर्ज (हवा सोडण्याचे) बटण दाबू नये. ते दाबले तर पाणी होजमधून मागे आत शिरते. बीसीडीच्या आतही गोडे पाणी भरून ते हलवून काढून टाकावे. वेटसूट रुंद खांद्याच्या हँगरवर ठेवावा, घडी घालून नव्हे. सिलिंडर कधीही पूर्ण रिकामा करू नये, थोडा दाब शिल्लक असला की आत ओलावा शिरत नाही. मास्कवर धुके जमू नये म्हणून महागडी द्रावणे घेण्याची गरज नाही. पाण्यात मिसळलेला लहान मुलांचा शाम्पू किंवा अगदी थुंकीही तेच काम करते.

किनाऱ्यावरून बुडी घेणे नौकेपेक्षा कमी दर्जाचे असते का?

असा समज आहे खरा, पण त्याला फारसा आधार नाही. खडकाळ किनारे, धक्क्यांचे खांब, समुद्रगवताचे पट्टे आणि गोड्या पाण्याची तळी किंवा पाण्याने भरलेल्या जुन्या खाणी येथे लहान जीव निरखण्याची आणि कौशल्य पक्के करण्याची उत्तम संधी असते. नौकेचा खर्च वाचतोच, शिवाय वेळेचे बंधन नसल्यामुळे बुडी लांबवता येते. त्या बदल्यात लाटा, भरती-ओहोटी आणि प्रवाह यांचा अंदाज स्वतः घ्यावा लागतो, आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची जागा आधी पाहून ठेवावी लागते आणि परवानगी आवश्यक असल्यास ती काढावी लागते. हे काम नौकेवर दुसरे कोणीतरी करत असते. त्याचे पैसे वाचवायचे, तर ते शिकून घ्यावे लागते.

उथळ बुडीने खरोखर पैसे वाचतात का?

हो, आणि ते आकड्यांत दाखवता येते. समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे १ बारने वाढतो. म्हणून १० मीटरवर हवा पृष्ठभागाच्या दुप्पट, २० मीटरवर तिप्पट आणि ३० मीटरवर चौपट वेगाने संपते. समजा, एखाद्याला पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागते आणि त्याच्याकडे २०० बारपर्यंत भरलेला १२ लिटरचा सिलिंडर आहे. ५० बार राखीव ठेवल्यास १,८०० लिटर हवा वापरता येते. खाली-वर जाण्याचा वेळ बाजूला ठेवला, तर ही हवा १० मीटरवर ४५ मिनिटे, २० मीटरवर ३० मिनिटे आणि ३० मीटरवर जेमतेम २२ मिनिटे पुरते. हवेचा आणि नौकेचा खर्च तोच राहतो, पाण्याखालचा वेळ मात्र निम्मा होतो. शिवाय प्रकाश आणि रंग वरच्या पाण्यातच अधिक असतात, आणि प्रवाळांच्या वसाहतीही तेथेच सर्वांत दाट असतात. खास खोलवरचे काही पाहायचे नसेल, तर आकडा गाठण्यासाठी खाली जाण्यात काय मिळते, हे आम्हाला कधीच नीट उमगलेले नाही.

राखीव ५० बार आणि वर येताना ५ मीटरवर घ्यायचा ३ मिनिटांचा थांबा (सेफ्टी स्टॉप) या दोन्ही गोष्टी मात्र काटकसरीच्या कक्षेत येत नाहीत.

नायट्रॉक्ससाठी जादा पैसे द्यावेत का?

खोलीवर अवलंबून आहे. नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेली हवा. ३२ टक्के ऑक्सिजन असलेल्या नायट्रॉक्समध्ये शरीरात विरघळणारा नायट्रोजन कमी असल्यामुळे तळाशी थांबण्याची मर्यादा वाढते, आणि दिवसात तीन-चार बुड्या साधारण १८ ते ३० मीटरच्या टप्प्यात असतील, तर ही वाढ उपयोगी पडते. पण १२ मीटरच्या बुडीत साध्या हवेची मर्यादाच प्रचलित तक्त्यांनुसार २ तासांहून अधिक असते. त्याआधी सिलिंडर संपलेला असतो. तेथे नायट्रॉक्सचे पैसे वाया जातात. त्यातच ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे ३३ मीटरची कमाल मर्यादा असते आणि वेगळे प्रमाणपत्र लागते, हेही हिशेबात धरावे.

पुढचे कोर्स करत राहणे आवश्यक आहे का?

नाही. प्रमाणपत्रे गोळा करण्याचा आग्रह हा या क्षेत्राच्या व्यवसायाचा भाग आहे, आणि ते समजून घेऊन निवड करावी. खोलीची मर्यादा १८ मीटरवरून ३० मीटरपर्यंत वाढवणारा कोर्स आणि बचावाचे प्रशिक्षण देणारा रेस्क्यू कोर्स आम्ही उपयुक्त मानतो. बाकीच्या अनेक स्पेशॅलिटी कोर्सेसमधील गोष्टी अनुभवी जोडीदाराबरोबर शिकता येतात. वेगवेगळ्या संस्थांच्या मूलभूत कोर्समध्ये स्वायत्त डायव्हरसाठी आयएसओ २४८०१-२ हे समान मानक पाळले जाते, त्यामुळे कार्डावर कोणत्या संस्थेचे नाव आहे यापेक्षा शिकवणारा प्रशिक्षक कसा आहे आणि एका गटात किती विद्यार्थी आहेत, हे अधिक महत्त्वाचे आहे.

मोफत डायव्हिंग मिळेल म्हणून डायव्हमास्टर (ग्राहकांना घेऊन उतरणारा व्यावसायिक मार्गदर्शक) होण्याचा विचार करणाऱ्यांनी आधी नीट हिशेब करावा. पाडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या नियमानुसार हे प्रमाणपत्र मिळण्यासाठी किमान ६० बुड्यांची नोंद लागते. त्यावर कोर्सचे शुल्क, वार्षिक सदस्यत्व आणि दायित्व विमा आला. हे सगळे झाल्यावर ज्या बुड्या ‘मोफत’ मिळतात, त्यांत लक्ष माशांवर नसून ग्राहकांवर ठेवावे लागते. ज्यांना शिकवण्याची आवड आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग उत्तम आहे. बचतीचा मार्ग म्हणून तो बहुधा तोट्याचा ठरतो.

क्लबमध्ये सामील होण्याचा फायदा होतो का?

बहुतेकांना होतो. १९५३ मध्ये स्थापन झालेला ब्रिटिश सब-अॅक्वा क्लब शाखांमधील स्वयंसेवक प्रशिक्षकांच्या बळावर चालतो, आणि १९५९ पासून कार्यरत असलेल्या सीएमएएस या जागतिक महासंघाशी संलग्न अनेक राष्ट्रीय संघटनांमध्येही क्लबांची परंपरा आहे. अशा क्लबांमध्ये कॉम्प्रेसर, नौका आणि जलतरण तलावाचा वेळ सामायिक असतो, प्रशिक्षणाचे शुल्क कमी असते आणि कायमचे जोडीदार मिळतात. त्या बदल्यात आपणही सिलिंडर वाहणे, नौका धुणे, नवशिक्यांना मदत करणे यांत वेळ द्यावा, अशी अपेक्षा असते. ज्यांच्याकडे पैशांपेक्षा वेळ अधिक आहे, त्यांच्यासाठी हा सौदा चांगला आहे. जवळ क्लब नसेल, तर चार-पाच जणांनी मिळून वाहन, नौका आणि मार्गदर्शक वाटून घेणे हाही एक प्रकारचा क्लबच.

काही काळ विमा बंद ठेवला तर चालेल का?

बुडी घेत असाल, तर नाही. डीकम्प्रेशन सिकनेसवर, म्हणजे वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे झाल्याने होणाऱ्या आजारावर, दाबकक्षात ऑक्सिजन देऊन उपचार करतात. अमेरिकी नौदलाचा ‘टेबल ६’ हा सर्वत्र वापरला जाणारा उपचारक्रम एका सत्रातच पावणेपाच तास चालतो आणि अनेकदा पुढची सत्रेही लागतात. त्यात दूरच्या ठिकाणाहून रुग्णाला हलवण्याचा खर्च वेगळा. सर्वसाधारण आरोग्य किंवा प्रवास विम्यात डायव्हिंग वगळलेले असते किंवा खोलीची अट घातलेली असते, हे अनेकांना दावा फेटाळला गेल्यावरच समजते. १९८० मध्ये ड्यूक विद्यापीठात सुरू झालेल्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या संस्थांमार्फत मिळणारा खास डायव्हिंगचा विमा एखाद-दुसऱ्या नौकेच्या सहलीच्या तुलनेत महाग वाटत नाही.

दूरची सहल करायचीच असेल, तर खर्च कसा आटोक्यात ठेवावा?

मुख्य हंगामाच्या आगेमागे जावे, आणि तारखांबाबत लवचीक राहता येत असेल, तर लिव्हअबोर्ड (मुक्कामासह बुड्यांच्या) नौकांवरील शेवटच्या क्षणी रिकाम्या राहिलेल्या जागांवर लक्ष ठेवावे. लिव्हअबोर्डचा एकरकमी आकडा डोळे विस्फारायला लावतो. पण निवास, जेवण आणि दिवसाला तीन-चार बुड्या त्यात धरलेल्या असल्यामुळे तासांचे गणित मांडल्यास तो कधी कधी किनाऱ्यावरील रिसॉर्टपेक्षा कमी भरतो. अर्थात, दिवसाला दोनच बुड्यांत समाधान मानणाऱ्याला तो परवडणार नाही. इंधन अधिभार, सागरी उद्यानाचे शुल्क आणि साहित्याचे भाडे किमतीत धरलेले आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. परतीच्या विमानापूर्वी एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवसांच्या किंवा एकाहून अधिक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबण्याचा सल्ला दिला जातो, म्हणून शेवटचा दिवस बुडीविना धरूनच पॅकेज निवडावे.

वर्षभर बुडी घेणे जमलेच नाही, तर काय करावे?

प्रमाणपत्राची मुदत सहसा संपत नाही, पण कौशल्ये मात्र विसरली जातात. सहा महिने ते वर्षभराचा खंड पडला असेल, तर अनेक केंद्रे रिफ्रेशरची अट घालतात, आणि ती योग्यच आहे. खंडाच्या काळात तलावात नियमित पोहणे, मास्कमधील पाणी काढण्याचा सराव आणि उथळ पाण्यातील स्नॉर्केलिंग यांचा खर्च नगण्य असतो. श्वास रोखून खोल जाण्याचे फ्रीडायव्हिंग स्वस्त वाटले, तरी ते प्रशिक्षणाशिवाय आणि एकट्याने कधीही करू नये. पाण्यातच शुद्ध हरपण्याचा धोका कसलेल्या जलतरणपटूंनाही असतो. तब्येतीत मधल्या काळात बदल झाला असेल, तर वैद्यकीय प्रश्नावली प्रामाणिकपणे पुन्हा भरावी.

तोवर उपकरणे विकून टाकावीत का?

खंड वर्षभराहून मोठा असेल, तर सिलिंडर आधी विकावा, कारण चाचणीची मुदत वापराविनाही उलटत जाते. त्यानंतर बीसीडी. रेग्युलेटर ठेवायचा असल्यास कोरड्या, थंड जागी, होज फार न वाकवता ठेवावा आणि परत वापरण्यापूर्वी सर्व्हिसिंग करून घ्यावे. मधल्या काळात ते करून उपयोग नाही. कॉम्प्युटरची बॅटरी काढता येत असेल, तर काढून ठेवावी. मास्क, फिन्स आणि अंगाला नीट बसणारा वेटसूट मात्र विकू नये, कारण त्यांची विक्रीतून फारशी किंमत येत नाही आणि तसेच मापाचे पुन्हा मिळवण्यात बराच वेळ जातो.